भैरोजी गेल्याची बातमी

कल्याणला कोणी प्रवासाला जात नाही. लोक कल्याणला उतरतात, गाडी बदलतात, नातेवाइकांकडे लग्नाची पत्रिका टाकतात आणि परत फिरतात. मी मात्र नव्वद सालानंतरच्या एका मे महिन्यात तिथे चांगले दहा दिवस राहिले. परत आल्यावर फलटणला शाळेतल्या बायकांनी विचारलं, काय काय पाहिलंस? खाडी पाहिली, दुर्गाडी किल्ला पाहिला, ठाण्याचा तलाव पाहिला. हे सांगून झालं की त्या म्हणायच्या, मग एवढी गप्प का? जे खरं पाहिलं ते सांगायला गेलं की माझाच गोंधळ व्हायचा. लिहायला घेतलं तर सुतासारखं सरळ होईल असं वाटलं होतं. अजून झालेलं नाही, पण लिहिते.

मी मुलींच्या शाळेत खेळ शिकवते आणि कबड्डीची पंच आहे. ठाण्याला पंचांचं दोन दिवसांचं शिबिर होतं म्हणून शाळेने पाठवलं, आणि धाकटी बहीण नंदा कल्याणला दिलेली म्हणून मुक्काम तिच्याकडे.

कल्याण, विठ्ठलवाडीच्या अंगाला

नंदाचं घर कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशन चालत गाठता येईल इतक्या अंतरावर. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि गॅलरीत निळं पिंप. पहिल्याच सकाळी मी त्या पिंपातलं पाणी काढून ऐसपैस आंघोळ केली, केसही धुतले. बाहेर आले तर नंदा कपाळाला हात लावून उभी. "अगं ताई, ते उद्या संध्याकाळपर्यंतचं होतं!" आमच्याकडे कालव्याचं पाणी. पाणी मोजून वापरायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. मग शेजारच्या तमिळ बाईंनी दोन बादल्या दिल्या, त्या बदल्यात नंदाने त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली, जी मी फलटणहून आणली होती. दार बंद ठेवून राहणारी ही माणसं एकमेकांची विचारपूस करत नाहीत असं मला आदल्या दिवशी वाटलं होतं. विचारपूस करत नाहीत हे खरंच. बादल्या देतात.

घरात नंदा, तिचे यजमान आणि तिचा दीर प्रशांत. प्रशांत सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, अंबरनाथच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. जेवताना मान खाली, "भाजी वाढू का" म्हटलं तर नुसती मान हलवणार. नंदा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आठवडाभर हे असंच. रविवारी बघ त्याचं तोंड. लग्नाचं बघायचं सोडून चौघं मिळून भुतं मारत बसतात."

"भुतं?"

"तूच बघ बाई. मला सांगता येणार नाही."

शुक्रवारी प्रशांतच माझ्याकडे आला. हातात झेरॉक्सचा एक जाड गठ्ठा. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राने परदेशातून खेळाचं पुस्तक आणलेलं, त्याची ही नक्कल. "ताई, तुम्ही पंच आहात ना? एक विचारायचं होतं. आमच्या खेळाचा बॅलन्स गेलाय."

"कोणता खेळ?"

"बोलायचा खेळ आहे." तो जरा अडखळला, मग एकदम सुरू झाला. "एक जण मास्टर. तो म्हणजे मी. मी सांगतो समोर काय आहे. गुहा आहे, नदी आहे, दरोडेखोर आहेत. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि सांगतात, ते काय करणार. जमलं की नाही ते सोंगटी काढून ठरतं."

"म्हणजे तू त्यांच्या विरुद्ध."

"नाही."

"मग दरोडेखोर कोणाचे?"

"माझेच."

"म्हणजे विरुद्धच की रे."

"विरुद्ध असतो तर पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगावर डोंगर पाडला असता. मला कोण अडवणार होतं? मी पाडत नाही."

"का?"

"मग खेळ कसा होणार?"

मी विचारलं, जिंकतं कोण? कोणी नाही. संपतो कधी? संपत नाही, तीन वर्षं चालू आहे. हद्द कुठे? हद्द नाही. मी कपाळाला आठ्या घालून बसले. मला कळलं ते एवढंच: तिघं खेळाडू होते. आंबिवलीचे भालेराव काका, त्यांचं पात्र उंदऱ्या नावाचा चोर. डोंबिवलीत क्लासमध्ये गणित शिकवणारी उज्वला, तिची तारिणी नावाची जादूगारीण. आणि ठाण्याचा जगदीश, छापखान्यात मशीनवर काम करणारा, त्याचा भैरोजी, तलवारवाला.

"सुरुवातीला तारिणी एकदम कच्ची होती," प्रशांत सांगू लागला. "दिवसाला एक मंत्र. कोणी थोबाडीत मारली तरी मरेल अशी. तेव्हा भैरोजी तिच्यापुढे उभा राहायचा, सगळे वार अंगावर घ्यायचा. पण पुस्तकाचा नियमच असा आहे, की तलवारवाला हळूहळू वाढतो आणि जादूवाली वर्ष-दोन वर्षांनी धडाधड वाढते. आता तारिणी हात वर करते आणि पूर्ण फौज झोपते. भैरोजी तलवार उपसून उभा, आणि समोर मारायला कोणी नाही. जगदीश महिनाभर आलेला नाही. फोन केला तर म्हणतो, ड्युटी आहे. तो गेला तर खेळ बंद पडेल, ताई."

एवढं सलग बोललेला प्रशांत नंदाने सात वर्षांत ऐकला नसेल. ती दारात लाटणं घेऊन उभीच राहिली.

मला पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं सापडलं. "सोपं आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे सामन्याआधी मुलींना वजनकाट्यावर उभं करतात. जास्त भरली तर वरच्या गटात. तुमच्या त्या तारिणीला काटा लाव. एका मोहिमेत तीनच मंत्र. चौथा नाही म्हणजे नाही."

प्रशांतने माझ्याकडे अशा कृतज्ञतेने पाहिलं की मला वाटलं, चला, कल्याणला येऊन कोणाचं तरी भलं केलं.

रविवार दुपार

रविवारी जेवणं उरकल्यावर सतरंजी अंथरली. भालेराव काका पन्नाशीचे, पांढऱ्या मिशीचे, खिशात सुपारी. चोर म्हणून पटणार नाहीत असे. उज्वला उन्हाने लाल झालेली, बरोबर डोंबिवलीहून आणलेले समोसे. नवा नियम प्रशांतने सांगितला तेव्हा ती लगेच म्हणाली, "चालेल." मला ते जरा चमत्कारिक वाटलं. आमच्या मुली साधा एक गुण गेला तरी अंगावर येतात. ही पानं चाळत राहिली, वर पाहिलं नाही.

"जगदीशच्या जागी ताई खेळतील," प्रशांत म्हणाला. "तीन जण लागतातच. ताई, आजच्यापुरतं भैरोजी तुम्ही."

सोंगट्या म्हणजे हाउझीच्या खेळातल्या आकड्यांच्या प्लास्टिकच्या चकत्या. पुस्तकात वीस बाजूंचा फासा सांगितलाय, तो इथे मिळतो कुठे? म्हणून एक ते वीस आकडे कापडी पिशवीत. हात घालायचा, काढायची, मोठा आकडा आला की जमलं.

मग प्रशांतने डोळे मिटले, उघडले, आणि दुसऱ्याच आवाजात बोलायला लागला. घाट, घाटात धुकं, दोन कड्यांच्या मध्ये दोरांचा पूल, पुलापलीकडे एक बंद दरवाजा. पंखा फिरत होता, खाली भंगारवाला ओरडत होता, आणि मला ते धुकं दिसायला लागलं. खोटं कशाला सांगू.

गोंधळ मात्र सगळा 'मी'चा. "मी आत जातो," काका म्हणायचे आणि जागेवरून हलायचे नाहीत. "मी त्याला झोपवते," उज्वला म्हणायची आणि समोसा उचलायची. मी म्हणाले, "भैरोजी काय करतो?" तर तिघं एकदम, "ते तुम्ही सांगायचं!"

तारिणीचा पहिला मंत्र पहारेकऱ्यांवर गेला. दुसरा धुक्यावर. तिसरा उज्वलाने उजेडासाठी वापरला, ज्याची गरज होती की नाही कोण जाणे. आम्ही पुलाशी आलो आणि पलीकडच्या दरवाज्यावरचे दोन दगडी वाघ हलायला लागले.

"परत फिरूया," काका म्हणाले. "उंदऱ्या मागे सरकला."

पण माझ्यातली कबड्डी जागी झाली होती. समोर रेषा आहे, पलीकडे गडी आहेत. जायचं, स्पर्श करायचा, परत यायचं. "भैरोजी चढाई करतो," मी म्हटलं. "दरवाज्याला हात लावून परत येतो." प्रशांतने डोळे बारीक केले, पण अडवलं नाही. मी पिशवीत हात घातला, सतरा आला. दरवाज्याला हात लागला. काका टाळ्या पिटायला लागले. तेवढ्यात प्रशांत म्हणाला, "मागे एक वाघ पुलाचा दोर चावतोय."

पुन्हा पिशवी. दोन आला.

पूल एका बाजूने सुटला. भैरोजी एका हाताने लोंबकळतोय. उज्वला गुडघ्यांवर उठली. "मी त्याला अलगद खाली उतरवते. माझ्याकडे तो मंत्र आहे."

"तीन झालेत," प्रशांत म्हणाला. पण तो माझ्याकडे बघत होता. काकाही माझ्याकडे. उज्वलाचा हात अजून वर.

निर्णय तोंडातून गेला की पंचाने तो फिरवायचा नसतो, हे मी इतकी वर्षं मुलींना शिकवत आलेय. लोंबकळणारी मीच होते, आणि शिट्टी पण माझीच. मी म्हटलं, "तीन झाले."

शेवटची सोंगटी चार निघाली. प्रशांतने ती परत पिशवीत टाकली. मग आपल्या नेहमीच्या, जेवतानाच्या आवाजात म्हणाला, "भैरोजी दरीत पडला."

नंदा चहा घेऊन आली. सगळ्यांची तोंडं बघून ट्रे हातातच राहिला. "काय झालं?"

"भैरोजी गेला," काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

तो गेला म्हणजे कागदावरचं एक नाव गेलं, हे मला कळत होतं. तरी मला चहा घेववेना. कारण तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की तो माझा नव्हताच. ठाण्यात कोणीतरी एक मुलगा होता, ज्याने त्याला तीन वर्षं जपलं होतं, आणि त्याला अजून काही ठाऊक नव्हतं.

ठाणे

शिबिराबद्दल फार लिहीत नाही. एका मैदानावर मांडव, समोर फळा, फळ्यावर हद्दी आणि रेषा. शिकवणारे सर प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होते आणि ते बरोबर असायचं. एरवी मला हे फार आवडतं. या वेळी मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, की एखाद्याला त्याचं न जन्मलेलं माणूस मेल्याचं कसं सांगतात.

दुसऱ्या दिवशी शिबिर सुटल्यावर प्रशांत मला घ्यायला आला आणि आम्ही खाडीकडच्या कोळीवाड्यात गेलो. ठाणं म्हणजे मला मोठे रस्ते आणि तलाव वाटायचं. इथे एकदम गल्ल्या लहान झाल्या, घरांपुढे जाळी पसरलेली, ओट्यांवर बायका बोलत बसलेल्या, आणि वासाने माझं नाक भरून गेलं. आमच्याकडे आठवड्याला मटण. सुकी मासळी नुसती बाजारात बघितलेली. प्रशांतला सगळं घर ओळखत असणार, कारण ओट्यावरच्या म्हातारीने त्याला लांबूनच हाक मारली.

ही जगदीशची आई. ठसठशीत कुंकू, काष्टा, एक गुडघा उभा करून बसलेली. जगदीश कामावरून यायचा होता. प्रशांत नेहमीप्रमाणे गप्प. म्हणून मीच सांगितलं, "जगदीशला भेटायचं होतं. जरा वाईट बातमी आहे. भैरोजी गेला."

म्हातारीचा हात छातीवर गेला. "गेला? कोन गेला गो? कवा?"

"रविवारी. दुपारी. दरीत पडला."

"बाय माजे! पोर केवडा होता?"

मी प्रशांतकडे पाहिलं. प्रशांत म्हणाला, "तिशीचा असेल."

"लगीन झाल्ता?"

"नाही," प्रशांत म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, आणि हे खरंच होतं. म्हातारीने शेजारणीला हाक मारून सांगितलं, जगदीशचा दोस्त दरीन परला, बिनलग्नाचा. दोन-तीन बायका गोळा झाल्या. एकीने पदर डोळ्यांना लावला. आता खुलासा कसा करायचा मला कळेना. जेवढं थांबावं तेवढं अवघड होत चाललं. शेवटी मी म्हणाले, "अहो आई, तो खरा नव्हता. खेळातला होता."

सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हातारीने पदर खाली घेतला. "खेलान मेला?"

"हो."

"मंग तुमचा तोंड असा कशाला झाला हाय?"

तिने थोडा वेळ मला न्याहाळलं आणि उठली. "बस. जेवल्याशिवाय नाय जावाचा. मेल्याचा सांगाला आलेल्या मान्साला उपाशी नाय धारत."

तांदळाची पांढरी, कापडासारखी मऊ भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि कसल्याशा ताज्या माशाचं लालभडक कालवण. मी ज्वारीच्या भाकरीसारखा मोठा घास मोडला आणि काटा घशात अडकवून घेतला. म्हातारीने कोरड्या भाताचा गोळा करून माझ्या तोंडात घातला, जसा लहान मुलाच्या घालतात. काटा गेला. डोळ्यांतून पाणी वाहत असताना जगदीश दारात आला.

उंच, हातांना शाईचे डाग, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मला रडताना बघून थबकला.

"जग्या," प्रशांत म्हणाला. "भैरोजी गेला रे. त्या दोरांच्या पुलावर."

जगदीश चपला न काढताच दारात बसला. खाडीकडे तोंड करून. मी ओळख दिली, सांगितलं की त्या दिवशी मी खेळत होते. तो माझ्याकडे वळला नाही. म्हणाला, "कसा गेला ते नीट सांगा."

मी सामन्याचा अहवाल सांगतात तसं सांगितलं. धुकं, वाघ, दरवाजा, सतरा, दोन, चार. तो मध्येच थांबवून विचारायचा. "दरवाज्याला हात लागला?" लागला. "तलवार कुठल्या हातात होती?" ते मला माहीत नव्हतं, मी म्हटलं उजव्या. "डावखुरा होता तो." मी म्हटलं, मग डाव्या. "मागे वळलेला?"

"नाही. पुढेच होता."

"मग ठीक आहे." चपला काढत म्हणाला, "मी नसतो गेलो त्या पुलावर. पण तो गेला असता."

मी आणि तो यांतला फरक माझ्या हातून पुन्हा निसटला.

प्रशांत म्हणाला, "आपण असं धरू, की झालंच नाही. मागचा रविवार रद्द. तू ये, तिथून सुरू करू. आता उज्वलाला पण लिमिट लावलंय. तीनच मंत्र. ताईंनी नियम केलाय."

तेव्हा जगदीश पहिल्यांदा वळला. "रद्द केलं तर आधीचं तरी काय खरं राहील? आणि लिमिट कशाला लावलं?"

"तुझ्यासाठीच," मी म्हटलं. "ती जास्त जड झाली होती."

तो हसला, पण बरं वाटावं असं नाही. "ताई, ती जड होती तेव्हा मी दर रविवारी येत होतो. घरी जाताना शिव्या घालायचो, पण येत होतो. मग एकदा नदीवर दरोडेखोर आले. तिच्याकडे तो झोपेचा मंत्र होता, मला माहिती होतं. ती म्हणाली, विसरले. मग पुढच्या वेळी पण विसरली. गणिताची बाई आहे ती, तिला पाढे विसरायला लागतील का? मला मारायला माणसं मिळावीत म्हणून ती थांबत होती."

प्रशांत जमिनीकडे बघत म्हणाला, "मीच सांगितलेलं तिला."

"ते पण कळलेलं मला."

मग रविवारी ती 'चालेल' का म्हणाली होती, तो उजेड तिने का पाडला होता, हे मला उमगलं. आधी ती लपूनछपून जे करत होती, ते मी नियमात बसवून दिलं होतं.

"म्हणजे जास्त नको, कमीही नको," मी वैतागून म्हणाले. "मग तुला हवंय तरी काय?"

"नाही माहीत. ती जिंकायची तेव्हा राग यायचा. थांबायला लागली तेव्हा लाज वाटायला लागली. रागात खेळता येतं, ताई. लाजेत नाही जमलं."

आतून आई ओरडली, हात धुऊन जेवायला ये. तो उठला. जाताना प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रविवारी कुठे आहे?"

आंबिवली

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की थोड्याच वेळात शहर मागे राहतं. पुढच्या रविवारी प्रशांत आणि मी आंबिवलीला उतरलो तेव्हा मला दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळं आभाळ दिसलं. भालेराव काका कारखान्याच्या वसाहतीत राहतात. बैठी घरं, पुढे पेरू, मागे नदीकडे जाणारी पायवाट. काकू मूळच्या खानदेशातल्या. भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. भाकरी हातात आल्यावर मला माहेरी आल्यासारखं झालं. माझी संध्याकाळची एस्टी होती, म्हणून पिशवी बरोबरच आणली होती.

उज्वला आणि जगदीश एकमेकांशी काही बोलले नाहीत. मीच सुरुवात केली. "मी माझा नियम मागे घेते." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. "तिला जे येतं ते सगळं तिने करावं."

उज्वला लगेच जगदीशकडे वळली. "मग मी त्याला उठवते. तो मंत्र आहे माझ्याकडे, खरंच आहे, पुस्तकात बघ. सगळी ताकद लागेल, लागू दे."

"नको," जगदीश म्हणाला. "पडला तो पडला."

प्रशांतने विचारलं, "मग तू आता कोण होणार? नवा तलवारवाला?"

"भैरोजीची आई."

प्रशांतने पेन उचललं. "तिला काय येतं? ताकद किती देऊ?"

"काही नको. म्हातारी आहे. गुडघे दुखतात."

काका म्हणाले, "अरे, ती पहिल्या फटक्यात मरेल."

"मरेल," जगदीश म्हणाला.

मग प्रशांतने गाव उभं केलं. तारिणी आणि उंदऱ्या दरीत सापडलेली भैरोजीची तलवार घेऊन त्याच्या घरी आले. जगदीशने आवाज बदलला नाही, बाईसारखं काही केलं नाही. नुसता एक गुडघा उभा करून बसला. "कोण तू?"

"तारिणी."

"जादूवाली ना? पोरगा सांगायचा. म्हणायचा, आई, मी तिच्यापुढे उभा असतो. तिला काही होऊ देत नाही."

उज्वलाने कागद खाली ठेवले.

"तू होतीस तिथे?"

"होते."

"मंत्र नव्हता तुझ्याकडे?"

"होता. मला परवानगी नव्हती."

"कोणाची?"

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच मला सहन होईना. "माझी," मी म्हणाले.

जगदीश माझ्याकडे वळला. तो जगदीश होता की म्हातारी, मला आजही सांगता येणार नाही. "तू कोण?"

"मी... पंच."

प्रशांतने घाईघाईने म्हटलं, "गावची पंच. खेळात आहेत त्या. ताई, बसा पुढे."

अशी मी गावची पंच झाले. म्हातारीने मला एकच विचारलं, कशासाठी परवानगी नव्हती? मी म्हटलं, सगळे सारखे व्हावेत म्हणून. ती म्हणाली, "झाले का?" मी म्हटलं, नाही. तिने मान हलवली आणि मला सोडून दिलं.

मग ती म्हणाली, पोरगा पडला ती जागा मला बघायची आहे. तारिणी म्हणाली, मी तुम्हाला क्षणात नेते, वाऱ्यावरून. म्हातारी म्हणाली, उचलून न्यायचं नाही, मी चालणार. आणि फौजा झोपवणारी ती जादूगारीण म्हातारीच्या चालीने चालायला लागली. उज्वला एकेक मंत्र वाचून बघत होती आणि बाजूला ठेवत होती. एक तिने ठेवला: वाटेवरचे दगड तेवढे कोमट केले, कारण म्हातारी अनवाणी होती. म्हातारी चालत राहिली. पण जगदीश पहिल्यांदा उज्वलाकडे बघून हसला, आणि उज्वला रडायला लागली, आणि काका म्हणाले की उंदऱ्यालाही जरा बसायला हवंय.

खेळातली ती तिघं वाटेतल्या नदीपाशी आली तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. काकूंनी आठवण केली, बाई, तुमची एस्टी. मी पिशवी उचलली. प्रशांत दारापर्यंत आला.

"ताई, बॅलन्सचं काय ते सांगून जा ना."

"मला नाही रे कळलं. खरंच नाही कळलं."

आतून काकांनी विचारलं, "मास्टर, पाणी किती आहे?"

प्रशांतने वळून सांगितलं, "कमरेएवढं. वाढतंय."

"म्हातारी पाय घालते," जगदीश म्हणाला.

"मी तिचा हात धरते," उज्वला म्हणाली. "मंत्र नाही. नुसता हात."

मी एक चप्पल घातली होती. जगदीशने सोंगट्यांच्या पिशवीत हात घातलेला दिसत होता, अजून बाहेर काढला नव्हता. मी चप्पल काढली आणि आत गेले.

"थांबा," मी म्हटलं. "तिचा दुसरा हात कोणी धरलाय?"